वय कुणाच्या नोंदीतलं? विधी सेवा प्राधिकरणातल्या ओजेटीचं एक प्रकरण

एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात आता चार श्रेयांकांची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) किंवा क्षेत्र प्रकल्प असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलले, तेव्हा वाणिज्य आणि संगणकशास्त्राच्या विभागांना निदान कुठं जायचं एवढं तरी माहीत होतं. आमच्या विभागात पहिला प्रश्न हाच होता की समाजशास्त्राच्या मुलांना कामावर घेणार कोण. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या मुलांकडे क्षेत्रकार्याची जुनी घडी आहे: आठवड्याचे ठरलेले दिवस, पर्यवेक्षक, नोंदवही, चर्चा. आमच्याकडे सिद्धांत भरपूर आणि संशोधन पद्धतीचा एक पेपर. त्यामुळे बरेच विभाग एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र आणा म्हणून सांगतात आणि मोकळे होतात.

आम्ही फौजदारी न्यायव्यवस्थेकडे वळलो त्याला कारण होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दर चारांतली तीन माणसं दोषी ठरलेली नाहीत. ती आत का आहेत याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं पत्त्यात, नात्यांत, स्थलांतरात आणि जमिनीच्या उताऱ्यात असतं, आणि तिथं समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला काम आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हे काम करतो आहे. जिल्ह्याच्या गावात तशी संस्था नसते. तिथं असतं मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि आता त्याच्याच बरोबर लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांचं कार्यालय.

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळी सत्रातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. प्रकरण संपलेलं आहे. मुलाच्या आईला विचारून आणि वकिलांना मजकूर दाखवून मी ते लिहिते आहे. जिल्हे, चोरीची वस्तू आणि कुटुंबातली नाती बदलली आहेत. ऊसतोड, पूर आणि शाळेच्या नोंदीतली तारीख बदललेली नाही, कारण त्यांच्यावाचून प्रकरणच उरत नाही. ती तारीख महाराष्ट्रात लाखो लोकांची आहे, तिच्यावरून कुणाचीही ओळख पटणार नाही.

नेमून दिलेलं काम

प्राधिकरणाच्या सचिवांशी बोलताना आम्ही एक गोष्ट आग्रहानं मागितली: विद्यार्थिनीला ‘सगळं बघू दे’ असं नको, एक नेमकं काम द्या. सगळं बघायला गेलेली मुलं शेवटी झेरॉक्स काढतात किंवा शिबिरात खुर्च्या मांडतात. सचिवांनी जे काम दिलं त्याच्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश होता. जामीन मंजूर होऊनही बंदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकानं प्राधिकरणाला कळवायचं. मग प्राधिकरणानं विधी स्वयंसेवकाला किंवा वकिलाला बंद्याकडे पाठवायचं. गरज पडली तर त्याच्या सामाजिक-आर्थिक परिस्थितीचा अहवाल करून अटी सैल करण्यासाठी कोर्टापुढे ठेवायचा. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहूनही अटींचा फेरविचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच सुटकेतल्या दिरंगाईचं एक कारण असल्याचंही त्या आदेशात म्हटलं आहे.

तो अहवाल म्हणजे बहुतेक कार्यालयांत एक पानाचा नमुना. नाव, वय, व्यवसाय, उत्पन्न, मालमत्ता, शेरा. विद्यार्थिनीनं विधी स्वयंसेवकाबरोबर जायचं, कुटुंबाशी बोलायचं आणि तो नमुना भरण्याजोगी माहिती आणायची. तुरुंगात एकटीनं जायचं नाही. कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. सुटकेबद्दल कुणालाही शब्द द्यायचा नाही. वही कार्यालयातच ठेवायची. हे चार नियम लेखी होते आणि पुढं त्यांचा मोठा आधार झाला.

फाइलीतला मुलगा

फेब्रुवारीत तुरुंगाकडून आलेल्या यादीत एक नाव होतं. वय १९. धंदा मजुरी. पत्ता मराठवाड्यातल्या एका गावाचा. गुन्हा चोरीचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली: विहिरीवरच्या मोटरीची तांब्याची केबल. घटना डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली. जामीन जानेवारीतच झालेला, पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार मिळाला नव्हता.

असं का होतं हे ऊसतोडीचा पट्टा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. कोर्टाला जामीनदार लागतो तो सातबारा किंवा पगारपत्रक असलेला. ज्या जिल्ह्यात गुन्हा घडला तिथं या कुटुंबाला ओळखणारं कुणी नाही, आणि गावाकडं ओळखणारे आहेत त्यांच्याकडे दाखवायला कागद नाही. मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर कडक शब्दांत लिहिलं होतं. कनिष्ठ न्यायालयांच्या रोजच्या कामात ते पोचायला अजून किती पिढ्या लागणार, हा प्रश्न मला या कामात सतत छळतो. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तीत तेव्हा न्यायाधीन बंद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण अडचण पैशाची असेल तर पैसा उपयोगी. इथं माणूस हवा होता.

कोपीवर

आई सापडली कारखान्यापासून काही मैलांवर, ऊसतोड टोळीच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. वडील दमेकरी, या हंगामाला आलेच नव्हते. ऊसतोडीत कोयता म्हणजे मिळून काम करणारी दोन माणसं. दुसरं माणूस म्हणून मुलगा. तो आत गेल्यावर आई ‘अर्धा कोयता’ झाली होती आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मात्र पूर्ण कोयत्याची अंगावर. तुरुंगात मुलाखतीला जायचं तर दिवसाचा खाडा पडतो, तो वेगळा कापला जातो. दोन महिन्यांत ती एकदाच गेली होती.

विद्यार्थिनीनं पहिल्या भेटीत फारसं विचारलं नाही. दुसऱ्यांदा गेल्यावर आईनं स्वतःच सांगितलं की टोळीचा मुकादम जामीन राहायला तयार आहे.

“मग अडलंय कुठं, मावशी?”

“पुढल्या दोन हंगामाचा अंगठा मागतोय. माझा बी आन् पोराचा बी.”

नमुन्यातल्या ‘जामीनदार उपलब्ध आहे काय’ या रकान्यात याचं उत्तर ‘होय’ असं लिहिता आलं असतं. असं उत्तर लिहिलं जातं, माणूस सुटतो, यादीतलं एक नाव कमी होतं. जामीन मंजूर करणाऱ्या न्यायाधीशाला कल्पनाही नसते की त्याच्या अटीनं एका कुटुंबाची दोन वर्षांची मेहनत आगाऊ बांधली गेली. त्या विद्यार्थिनीनं ते ‘होय’ लिहिलं नाही. तिनं वकिलांना सांगितलं, आणि वकिलांनी अर्जात मुकादमाचा उल्लेख न करता एवढंच मांडलं की कुटुंब स्थलांतरित आहे, स्वतंत्र स्थानिक जामीनदार मिळणं शक्य नाही, जातमुचलक्यावर सोडावं. मुकादमाचं नाव कागदावर आलं असतं तर त्याची किंमत आईनं टोळीत मोजली असती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही वेठबिगारीवर तासच्या तास बोलतो. जामिनाच्या अटीतून वेठ तयार होताना पाहायला तिला कोपीवर बसावं लागलं. माझ्या मते ओजेटीची सगळी उठाठेव एवढ्यासाठी केली तरी ती योग्य ठरते.

चार वयं

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती याच बैठकीत. अहवालासाठी ती कुटुंबाचा वंशवृक्ष काढत होती: मोठी मुलगी, मग हा, मग धाकटी. कोण कधी जन्मलं हे विचारताना आई सहज म्हणाली की पोरगा अजून मतदानाला बसत नाही. फाइलीत तर १९ लिहिलेलं.

पोलिसांच्या कागदात १९ आलं कुठून? मुकादमाकडून. अठराच्या आतलं पोर कोयत्याला धरलं असं दिसू नये म्हणून टोळीत त्याचं वय एकोणीसच सांगितलं जात होतं, आणि पोलीस आले तेव्हा आईनंही तेच सांगितलं. आधार कार्डावर होती १ जानेवारी २००६, शिबिरात अंदाजानं टाकलेली. तिसरी तारीख शाळेत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तो पाचवीपर्यंत, हंगामामुळे अधूनमधून, शिकला होता. त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाला पत्र पाठवून तिथल्या विधी स्वयंसेवकामार्फत शाळेच्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागवला. उताऱ्यात जन्मतारीख १ जून २००७.

ती तारीख वाचल्यावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला जे कळतं ते आम्हालाही कळलं. जूनमध्ये शाळा सुरू होते, मूल पहिलीत बसवायचं तर सहा वर्षं पूर्ण हवीत, आईबापांना तारीख सांगता येत नाही. मग गुरुजी १ जून लिहितात. वर्ष येतं वजाबाकी करून. २०१३ च्या जूनमध्ये प्रवेश, म्हणून २००७. रजिस्टरच्या एकाच पानावर अशी पाच-सहा मुलं एका दिवशी जन्मलेली सापडतात.

तरीही कायद्याच्या दृष्टीनं हा उतारा फार मोठी गोष्ट होती. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ९४ वय ठरवण्यासाठी क्रम लावून देतं: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधारला या क्रमात जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात नुकसानभरपाईच्या एका प्रकरणातही आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असं सांगून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला आहे. १ जून २००७ मान्य झाली तर घटनेच्या दिवशी मुलगा साडेसतरा वर्षांचा. म्हणजे तो तुरुंगात असायलाच नको होता. कलम १० सांगतं की विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवायचं नाही. आणि कलम १२ खाली बालकाला जामीनदाराशिवायही सोडता येतं. ज्या एका माणसावाचून सगळं अडलं होतं, त्याची गरजच संपत होती.

चौथं वय आईच्या आठवणीत होतं, आणि खरी अडचण त्याची होती.

मार्गशीर्षातले गुरुवार

संशोधन पद्धतीच्या पेपरात आम्ही घटनांचं कॅलेंडर शिकवतो. ज्यांच्याकडे तारखा नाहीत त्यांना सण, दुष्काळ, पूर, लग्नं, निवडणुका यांच्या आधारानं काळ सांगता येतो. विद्यार्थिनी त्यात चांगली होती. तिनं तिसऱ्या भेटीत आईबरोबर शांतपणे बसून वही लिहिली.

“पूर आला व्हता बगा. ऊस पाण्यात कुजला. त्येच्या दुसऱ्या हंगामाला ह्यो झाला. कोपीतच.”

“दिवाळी झाली होती?”

“दिवाळी करूनच तर निघालो व्हतो.”

“आणि संक्रांत?”

“संक्रांतीच्या आदी. फडाची मालकीण गुरुवार करायची, तिनं परसाद धाडला व्हता.”

विद्यार्थिनीनं गणित मांडलं. पूर २००५ चा. दुसरा हंगाम २००६-०७ चा. दिवाळीनंतर, संक्रांतीआधी, मार्गशीर्षातले गुरुवार चालू असताना. त्या वर्षी मार्गशीर्ष २० डिसेंबरच्या सुमारास संपतो. म्हणजे जन्म नोव्हेंबरच्या अखेरीपासून २० डिसेंबर २००६ पर्यंतचा. घटना डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली. या हिशेबानं मुलाला अठरा पूर्ण होऊन एक आठवडा ते एक महिना झाला होता.

तिनं वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा ती रडवेली झाली होती. जितक्या काळजीनं तिनं काम केलं तितकं ते त्या मुलाच्या विरोधात गेलं होतं. तिचा प्रश्न सरळ होता: “मॅडम, हे मी वकिलांना सांगायचं का?”

कुणी काय म्हटलं

मी आधी वही तपासली, पद्धतीचा भाग म्हणून. कृष्णेच्या खोऱ्यात २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो, पण २००६ च्या पावसाळ्यातही पूर आला होता. आई कुठल्या पुराबद्दल बोलत होती? २००६ चा धरला तर दुसरा हंगाम २००७-०८ चा होतो आणि मुलगा घटनेच्या दिवशी सुमारे सतरा वर्षांचा ठरतो. वहीत पुराचं साल विद्यार्थिनीनं घातलं होतं, आईनं सांगितलं नव्हतं. बहिणींच्या जन्माची नोंद कुठं नव्हती, त्यामुळे पडताळाही घेता येईना. आईला पुन्हा जाऊन ‘कोणता पूर’ विचारायचं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. विचारायचं नाही असं ठरलं. तोवर प्रश्नाचं उत्तर कुणाला काय हवंय हे कोपीवर सगळ्यांना कळलं होतं, आणि अशा वेळी मिळालेल्या उत्तराला संशोधनात किंमत नसते.

पण दुसरा अर्थ सापडला म्हणून पहिला पुसायचा, हेही मला मान्य नव्हतं. मी तिला एका पानावर दोन्ही वाचनं लिहायला सांगितली: आई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत, आणि त्यापुढे आपण काय गृहीत धरलं ते वेगळं. मग ते पान वकिलांना द्यायचं, आणि फक्त वकिलांना.

लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकील ताई अनुभवी होत्या. त्यांना आईची आठवण ऐकून धक्का वगैरे बसला नाही. त्यांची चिंता वहीबद्दल होती. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नं अशिलानं वकिलाला सांगितलेलं संरक्षित आहे, आणि ते संरक्षण वकिलाच्या दुभाष्यांना, कारकुनांना, कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ओजेटीवरच्या विद्यार्थिनीचा तिथं उल्लेख नाही. ती कारकुनाच्या जागी धरली जाईल की नाही यावर भांडायची वेळ येऊ नये, म्हणून वही पहिल्या दिवसापासून कार्यालयात असणं आणि कुणाच्या सांगण्यावरून भेट झाली हे लेखी असणं महत्त्वाचं होतं. ते होतं.

त्यांनी पुढचं धोरण आखलं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९(२) प्रमाणे बालक असल्याचा दावा कुठल्याही न्यायालयापुढे, कुठल्याही टप्प्यावर, खटला संपल्यानंतरही करता येतो. न्यायालयानं चौकशी करून पुरावा घ्यायचा, नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना मूळ जनरल रजिस्टर घेऊन बोलवायचं. शाळेच्या नोंदीलाही कोर्ट आधार विचारतं, उतारा दाखवला की काम झालं असं समजायचं नाही. आईला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं की तुम्हाला साक्षीला बोलावलं तर जे आठवतं, जसं आठवतं, तसंच सांगा. एक जून तुम्ही पाहिलेली नाही, ती तुमच्या तोंडात आम्ही घालणार नाही.

विभागातल्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप मला अजून महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं: शाळेची तारीख कृत्रिम आहे हे तुम्हाला माहीत होतं, आईच्या आठवणीत दुसरं काही होतं हेही माहीत होतं, आणि तुम्ही कोर्टापुढे फक्त पहिलं ठेवलं. यात विद्यार्थिनी काय शिकली?

माझं उत्तर सांगते, ते पटलंच पाहिजे असा आग्रह नाही. कोपीत जन्मलेल्या मुलाची नोंद घेण्याची जबाबदारी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यापासून शासनाच्या यंत्रणेवर आहे. त्या फडावर कुणी आलं नाही. नोंद झाली नाही याचा तोटा मुलाच्या पदरात टाकायचा असेल, तर तो टाकण्याचा अधिकार निदान समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीचा नाही. कायदा करणाऱ्यांना या देशात जन्मनोंदी कशा असतात हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी कागदांचा क्रम लावून दिला. अरनीत दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये सांगितलं आहे की वयाबाबत दोन मतं संभवत असतील, तर सीमारेषेवरच्या प्रकरणात आरोपीला बालक मानण्याकडे कल असावा. इथं तर दुसरं मत कुठल्या पुरावर उभं आहे हेच नक्की नव्हतं. आणि विद्यार्थिनीनं काही लपवलं नाही. तिनं जे मिळवलं ते सगळं, तिच्या चुकीच्या शक्यतेसकट, ज्यांच्यासाठी ती काम करत होती त्यांच्या हाती दिलं. सरकारी पक्षाला रजिस्टरची उलटतपासणी करायची पूर्ण मुभा होती.

कोर्टात

मुख्याध्यापक रजिस्टर घेऊन आले. सरकारी वकिलांनी विचारलं, तारीख कशाच्या आधारावर? ते म्हणाले, प्रवेशावेळी पालकांनी तोंडी सांगितलेल्या माहितीवर, जन्मदाखला नव्हता. पोलिसांकडे आधारखेरीज काही नव्हतं. आईला बोलावलं गेलं नाही. न्यायालयानं शाळेची नोंद मान्य केली, घटनेच्या दिवशी आरोपी बालक होता असा निष्कर्ष नोंदवला आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवलं.

मंडळानं त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आईच्या ताब्यात सोडलं. जामीनदार नाही, मुकादम नाही, अंगठा नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असल्यानं तो किरकोळ गुन्ह्यांत मोडतो, आणि अशी चौकशी चार महिने अधिक जास्तीत जास्त दोन महिने एवढ्यात पूर्ण झाली नाही तर ती आपोआप संपते. चौकशी मुदतीत संपली. मुलगा प्रौढांच्या तुरुंगात जे महिने राहिला, ते कुठल्याच आदेशानं परत मिळत नाहीत.

प्रकल्प अहवाल

ओजेटीच्या शेवटी अहवाल लिहायचा असतो. विद्यार्थिनीच्या हातात असं साहित्य होतं की त्यावर एक उत्तम शोधनिबंध झाला असता: चार कागद, चार वयं, प्रत्येक वय कुणाच्या तरी सोयीसाठी घडलेलं. तिनं मांडणीही केली होती. मी ती मागे घ्यायला सांगितली.

तेव्हा मंडळापुढं चौकशी चालू होती. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विद्यापीठात जमा होणारा अहवाल बहिःस्थ परीक्षक वाचतात, ग्रंथालयात राहतो. नाव बदलल्यानं तालुक्याच्या गावात काही झाकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आई तिच्याशी बोलली ती मुलगा सुटावा म्हणून, कुणाच्या श्रेयांकांसाठी नव्हे. मदतीसाठी दिलेली माहिती संशोधनासाठी वापरायची तर वेगळी संमती हवी, आणि मूल तुरुंगात असलेल्या आईची संमती मोकळी कशी असेल?

तिनं अहवाल दुसऱ्याच गोष्टीवर लिहिला: जामीन होऊनही न सुटलेल्यांच्या यादीतल्या फाइली नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडतात. त्यात एकही माणूस ओळखू येत नाही. परीक्षकांना तो कोरडा वाटला आणि गुण बेताचे पडले. मी त्याबद्दल विभागप्रमुखांशी भांडले, फारसा उपयोग झाला नाही. ओजेटीचं मूल्यमापन अहवालावर होतं. ज्या कामाचा मोठा भाग अहवालात येऊच नये, त्याला गुण कसे द्यायचे, हे आमच्या अभ्यासमंडळानं अजून ठरवलेलं नाही. पर्यवेक्षकाची गोपनीय नोंद आणि कार्यालयाचा अभिप्राय यांना निम्मे गुण द्यावेत असा माझा प्रस्ताव तिथं पडून आहे.

पुढच्या तुकडीसाठी

करारात आम्ही दोन ओळी वाढवल्या. विद्यार्थ्यानं केलेली प्रत्येक नोंद अशिलाच्या वकिलासाठी केलेली आहे, ती वकिलांच्या लेखी परवानगीशिवाय कार्यालयाबाहेर जाणार नाही. आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थी, वकील आणि शिक्षक यांची एकत्र बैठक होईल. दुसरी ओळ पाळणं अवघड आहे, कारण वकिलांना वेळ नसतो आणि शिक्षकांना तासिका असतात. पण त्या वेळी आम्ही एकत्र बसलो नसतो तर ती वही कुठं गेली असती याचा विचार मी करू शकत नाही.

तुरुंगांत राहून गेलेली मुलं शोधण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २०२४ च्या सुरुवातीला देशभर मोहीम घेतली होती. मोहीम संपते, यादीत नवी नावं येत राहतात. त्या विद्यार्थिनीनं जाताना तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रासाठी एक छोटा कागद करून दिला. अठरा ते बावीस वय लिहिलेल्या प्रत्येक नव्या बंद्याला विचारायचे पाच प्रश्न: शाळेत गेला होतास का, कुठल्या गावच्या, पहिलीत कधी बसलास, तुझं वय पोलिसांना कुणी सांगितलं, आणि घरच्यांशी बोलायला कुणाला फोन लावायचा. जन्मतारीख हा प्रश्न त्यात मुद्दाम नाही. केंद्रातले विधी स्वयंसेवक तो कागद वापरतात. आजवर त्यातून आणखी दोन उतारे मागवले गेले आहेत. एकाचं उत्तर आलं, तो मुलगा एकोणीस वर्षांचाच होता. दुसऱ्या शाळेचं रजिस्टर अजून सापडलेलं नाही.